पणती आणि गाडगे

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आमच्या मंगरूळपीरच्या बाजारात पणत्यांचे ढीग लागतात. कुंभारीण पोते अंथरून बसते आणि आपण एकेक पणती उचलून, नखाने टिचकी मारून तिचा आवाज ऐकतो. कच्ची भाजलेली पणती बद्द वाजते आणि पहिल्याच रात्री अर्धे तेल स्वतः पिऊन टाकते. गेली काही वर्षे ही टिचकी मारताना मला हटकून एक फार जुनी पणती आठवते. ती आपल्या मुलखातली नव्हे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यात होऊन गेलेल्या एका लंगड्या मास्तराच्या घरातली ती पणती.

या मास्तराचे नाव एपिक्टेटस. त्याच्या देवापाशी एक लोखंडी दिवा असे. एके रात्री खिडकीशी खुडबुड झाली, तो धावत गेला, तो दिवा चोराने लांबविलेला! दुसरा कोणी असता तर आरडाओरडा करून आळी जागी करता. याने मनाशी विचार केला, की उद्या आपण मातीचा दिवा आणावा म्हणजे झाले; ज्याच्याजवळ जे असते तेच चोरीला जाते. शिवाय चोर आपल्यापेक्षा जागरणात हुशार ठरला, पण त्या दिव्याची किंमत त्याला भारी पडली. एका दिव्यासाठी तो चोर होऊन बसला. हा हिशेब वाचून मी प्रथम हसलो. मग वाटले, या मास्तराशी ओळख वाढवायला हरकत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. अकोल्याच्या एका रद्दीच्या दुकानात मला पुठ्ठा उडालेले एक इंग्रजी पुस्तक मिळाले, त्यात या मास्तराची प्रवचने होती. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते दोन उन्हाळ्यांत वाचून काढले. विद्वानांनी या लेखात काही उणे आढळले तर त्या दोन उन्हाळ्यांकडे पाहून क्षमा करावी.

ज्या पंथाचा हा मास्तर, त्याचे नाव ‘स्टोइक’. शब्द अवघड वाटतो, पण त्याचा अर्थ अगदी आपल्या घरातला आहे. ‘स्टोआ’ म्हणजे खांबांची ओसरी. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अथेन्सच्या चौकात, चित्रे रंगविलेल्या एका ओसरीवर झेनो नावाचा माणूस येरझाऱ्या घालीत बोलत असे. त्याचे ऐकणारे ते ओसरीवाले. झेनो मूळचा सायप्रस बेटावरचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल घेऊन येत असता त्याचे जहाज फुटले. होते नव्हते ते बुडाले, आणि हा अथेन्समध्ये एका पुस्तकविक्याच्या दुकानात जाऊन बसला. तिथे सॉक्रेटिसाच्या आठवणी वाचल्या जात होत्या. त्या ऐकून याने विचारले, अशी माणसे भेटतात कुठे? दुकानदाराने रस्त्याने चाललेल्या एका फकिरी वृत्तीच्या तत्त्ववेत्त्याकडे बोट दाखविले. झेनो उठला आणि त्याच्या मागे गेला. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याने काढलेला हा पंथ आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यातली पुष्कळ वचने नीट कळतात. झेनो वारला त्या सुमारास आपल्याकडे पाटलिपुत्रात अशोक राज्य करीत होता.

एपिक्टेटस त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी आला. हिएरापोलिस या, आजच्या तुर्कस्तानातल्या गावी तो गुलाम म्हणून वाढला आणि रोममध्ये नीरो बादशहाच्या एका चिटणिसाच्या पदरी होता. पुढे मोकळा झाला, शिकवू लागला. डोमिशियन बादशहाने तत्त्ववेत्त्यांना रोममधून हाकलले तेव्हा ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिसला त्याने शाळा घातली. त्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही. एरियन नावाच्या शिष्याने त्याचे बोलणे उतरून घेतले आणि पुढे त्याचा अर्क काढून एक चोपडी केली. तिचे नाव ‘एन्खिरिडिऑन’, म्हणजे हातात धरावयाची वस्तू. आपण हातपोथी म्हणू. तिचा आरंभच असा, की काही गोष्टी आपल्या हातच्या असतात आणि काही नसतात. आपले मत, आपली इच्छा, आपले वागणे हे आपल्या हातचे. शरीर, पैसा, लौकिक, अधिकार हे नव्हे. जे हातचे नाही त्यासाठी जीव टाकू नये आणि जे हातचे आहे त्यात कसूर करू नये.

ही वाटणी कागदावर सोपी दिसते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ती सांगून पाहा. पाऊस हातचा नाही, कापसाचा भाव हातचा नाही, सोयाबीनवर पडणारी कीड हातची नाही. मग राहिले काय? मलाही बरेच दिवस असे वाटे, की ही ओसरीची शहाणीव पोट भरलेल्या माणसाने दुपारी पानसुपारी खात सांगावी. हा संशय जायला मला रोमला जावे लागले नाही. कारंजा ओलांडून मूर्तिजापूरकडे जावे लागले.

मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे म्हणून गाव आहे. तिथे मामाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर हा परटाचा मुलगा वाढला. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जीकडल्या शेंडगावचा. बाप दारूने लवकर गेला, म्हणून आईने माहेर गाठले. पोरगा गुरे राखू लागला आणि पुढे असा कसणारा निघाला की मामाचे शेत त्याच्या हातात सोन्यासारखे पिकू लागले. आणि मग, वऱ्हाडात घरोघर घडले तेच इथे घडले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, पुढच्या पंधरावीस वर्षांत रेल्वे आणि कापसाचा व्यापार आला; जमिनीवर कर्ज काढणे सोपे झाले आणि कोर्टाच्या कागदाने ती जाणेही तितकेच सोपे झाले. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली.

इथे मला आणखी एका ओसरीवाल्याची आठवण होते. सेनेका हा त्या पंथाचा मोठा लेखक. दारिद्र्याला भिऊ नये, संकटात मन अढळ ठेवावे, यावर त्याने फार सुंदर लिहिले. पण हा गृहस्थ नीरोचा गुरू आणि मंत्री होता आणि रोममधल्या बड्या धनिकांत मोडत असे. दियो नावाचा इतिहासकार लिहितो, की त्याने ब्रिटनमधल्या लोकांना चार कोटी सेस्टर्स, म्हणजे तिकडची पितळेची नाणी, व्याजाने दिली आणि ती एकदम परत मागितली. इसवी सन ६०-६१ मध्ये तिथे बूडिका राणीचे जे बंड झाले, त्याच्या कारणांत हे एक. दियो सेनेकाचा मित्र नव्हता, तेव्हा आकड्यात थोडी सूट द्यावी. पण सावकाराने कुळाला सहनशीलता शिकवावी, हा देखावा मला काही केल्या गोड लागत नाही. त्यातून सेनेकाच्या पदरी एक गोष्ट मात्र बांधली पाहिजे; इसवी सन ६५ मध्ये नीरोने त्याला मरणाचा हुकूम पाठविला तेव्हा तो आपल्याच पुस्तकातल्याप्रमाणे न डगमगता गेला.

डेबूजीने काय केले? चरित्रकार सांगतात, की सावकाराची माणसे ताबा घ्यायला शेतात आली तेव्हा हा नांगर सोडून त्यांना आडवा गेला आणि त्यांना पिटाळून लावले. जे सोसणे आपल्या हातचे आहे तेवढेच त्याने सोसले; अन्याय त्या यादीत घातला नाही. पण त्या झगड्यातून तो बाहेर पडला तो केवळ सावकाराचा वैरी होऊन नव्हे. कर्ज का होते, हे त्याने पाहून ठेवले. बारसे, लग्न, तेरावे, दारू, बोकड आणि न वाचता उठवलेला अंगठा! स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने दारू-मटणाचा बेत मोडून गोड जेवण घातले, तेव्हा जातभाई बिघडले होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी तो घर सोडून निघाला. बायको कुंताबाई आणि म्हातारी आई मागे राहिली. हा भाग वाचताना मी नेहमी त्या दोघींच्या बाजूला जाऊन बसतो. त्यांनी जे सोसले त्यावर कोणी हातपोथी लिहिली नाही.

पुढचे गाडगेबाबा सर्वांना ठाऊक आहेत. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, एका हातात खराटा आणि एका हातात ते मातीचे गाडगे. पाणी प्यायचे, कोरडी भाकर-चटणी घ्यायची, भिजू लागले तर डोक्यावर पालथे घालायचे. चोरीला जाण्यासारखे काहीच नाही! एपिक्टेटसाने मातीचा दिवा आणला तो लोखंडी गेल्यावर. याने आरंभच मातीपासून केला. गावात शिरले की बाबा प्रथम रस्ता झाडीत, गटार उपशीत. कोणी भाकर दिली तर काम करून घ्या म्हणत. रात्री कीर्तन. तेही कसे? एकामागून एक प्रश्न. देव कुठे राहतो, कर्ज काढून तीर्थ केले तर पुण्य कोणाला, सावकाराला की तुम्हाला? लोकांनी उत्तर द्यायचे आणि स्वतःच्या उत्तरात स्वतः सापडायचे. एरियनने उतरलेली प्रवचने वाचा. तिथेही मास्तर असाच समोरच्याला विचारून विचारून कोंडीत धरतो. एकाने ग्रीक ऐकले नाही, दुसऱ्याने वऱ्हाडी. पण शिकविण्याची रीत एक. दोघांचेही बोलणे दुसऱ्यांनी जपून ठेवले. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांबरोबर हिंडले, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ साली चरित्र लिहिले. आणि १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नावाप्रमाणे ऋण फिटावे म्हणून लोक स्नान करतात. नदीत बुडी मारल्याने कर्ज फिटत नाही, हे बाबांइतके कोणाला ठाऊक? तरी त्यांनी यात्रेकरूंची चेष्टा केली नाही. चिखलात घसरणाऱ्या बायामाणसांना हात दिला आणि १९०८ साली तिथे घाट बांधला. १९१७ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा झाली, १९२५ मध्ये मूर्तिजापूरची धर्मशाळा. हातून लाखो रुपये गेले आणि गाडगे होते तसेच राहिले. हातचे काय आणि हाताबाहेरचे काय, या वाटणीचा अर्थ मला इथे लागला. एपिक्टेटस रेघ मारून थांबतो, निदान हातपोथीत तरी. बाबा ती रेघ खराट्याने रोज थोडी पुढे सरकवीत.

हे मला किती उशिरा कळले, त्याची एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप कर्जापायी जिवाला मुकला. मुलगा आठ दिवसांनी शाळेत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. मला त्याला काही सांगायचे होते. रात्री मी ते पुठ्ठा उडालेले पुस्तक काढले. त्यात एके ठिकाणी मास्तर म्हणतो, की घरात धूर फार झाला तर दार उघडे आहे. मी पुस्तक मिटले. ओसरीवाल्यांचे आणि माझे इथे पटत नाही. धूर झाला तर शेजाऱ्याने खिडकी उघडावी, चूल पाहावी. एकट्याने दाराकडे जाऊ नये. त्या मुलाला मी अखेर काहीच सांगितले नाही. पुढच्या रविवारी वर्गातली सोळा पोरे आणि त्यांतल्या कित्येकांचे बाप त्याच्या शेतात सोयाबीनच्या सोंगणीला गेले. संध्याकाळी गंजी लावून झाली, तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. “सर, ताडपत्री कोनाची आनली?” एवढेच.

पण बाबांच्या चरित्रात एक पान असे आहे की तिथे मी अडखळत असे. १९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा वारला. बाबा तेव्हा कोकणात, खारेपाटणला होते. कीर्तन चालू असता बातमी आली. कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या तोंडून निघाले आणि कीर्तन पुढे चालू झाले. हा प्रसंग वक्ते मोठ्या अभिमानाने सांगतात आणि श्रोते टाळ्या वाजवितात. माझ्या मात्र अंगावर काटा येई. एपिक्टेटसही सांगतो, की मुलाचा मुका घेताना हे मर्त्य आहे असे मनात म्हणावे. बाप असा असतो? आणि असला तर त्याला शहाणा म्हणावे की दगड?

दगड हा शब्द मी एकदा घरातही ऐकला आहे. मी दहा वर्षांचा असताना माझा काका शेतात साप चावून गेला. मला खांद्यावर बसवून बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेत हिंडविणारा काका तो. तिसऱ्या दिवशी पहाटे जागा झालो तो अंगणात झाडण्याचा आवाज. आजी झाडत होती. अंगण झाडून तिने गल्ली झाडली, थेट चावडीपर्यंत. बाया कुजबुजल्या, “बुढी दगडाची हाये वो.” मला ते पटले. मी आजीशी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी न राहवून विचारले, “आजी, तुले रडू नाही येत?” ती भाकर थापता थापता म्हणाली, “रडाले बसली असती बाप्पा, तं मले उठवलं कोनं असतं?” तिने लहानपणी मूर्तिजापूरला बाबांचे कीर्तन ऐकले होते, एवढे मला ठाऊक होते. त्यातले काय तिच्या ध्यानात राहिले, ते मी कधी विचारले नाही.

ओसरीवाल्यांना दगड म्हणणे हा त्यांच्यावरचा जुनाच आळ आहे, आणि त्यांचे चरित्र नीट पाहिले तर तो टिकत नाही. एपिक्टेटसाने लग्न केले नाही. पण म्हातारपणी एका मित्राचे मूल गरिबीपायी टाकून दिले जाणार होते, ते त्याने घरी आणले आणि त्याला सांभाळायला एक बाई ठेवली. मार्कस ऑरेलियस इसवी सन १६१ ते १८० रोमचा बादशहा होता. त्याच्या राज्यात मोठी साथ आली, डॅन्यूब नदीकाठी वर्षानुवर्षे लढाई चालली, तेरा-चौदा मुलांपैकी बरीच लहानपणी गेली. छावणीत बसून तो स्वतःला समजावीत टिपणे लिही, आणि गुलाम एपिक्टेटस त्याचा मानलेला गुरू. बादशहाने गुलामाकडून धीर उसना घ्यावा, ही इतिहासातली मला फार आवडणारी गोष्ट आहे. हाच मार्कस तरुणपणी आपल्या एका शिक्षकाच्या मृत्यूने रडू लागला. दरबारी माणसे त्याला आवरू लागली, तेव्हा त्याचा बाप झालेला अँटोनायनस बादशहा म्हणाला, की त्याला माणूस असू द्या. तत्त्वज्ञानाने किंवा राज्याने माया काही नाहीशी होत नाही.

आणि बाबा? १९५६ चे साल. बाबा ऐंशी वर्षांचे, प्रकृती ढासळलेली. ६ डिसेंबरला दिल्लीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर गेले. दोघांचा एकमेकांवर लोभ होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती. ती बातमी ऐकून बाबांना जो शोक झाला तो आवरेना, त्यांनी औषधपाण्यावरचे मनच काढून घेतले, असे सांगतात. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांचा प्राण गेला. पोटच्या पोरासाठी न थांबलेला माणूस इथे थांबला. हे वाचल्यावर खारेपाटणचे पान मला पुन्हा वाचावेसे वाटले. त्या रात्री समोर बसलेल्या शेकडो माणसांत मुलगा गमावलेले बाप आणि आया असतीलच. कीर्तन सोडून उठले असते तर त्यांना कोणाच्या हवाली केले असते? रडू आले नाही असे चरित्रात कुठे आहे? कीर्तन संपल्यावर पहाटे बाबा कुठे गेले, हे तर कोणी लिहिलेलेच नाही.

जाता जाता त्या मातीच्या दिव्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. एपिक्टेटस गेल्यावर तो दिवा एका हौशी माणसाने तीन हजार द्राख्म देऊन विकत घेतला, असे लुशियन नावाचा थट्टेखोर लेखक लिहितो. त्याच्या उजेडात वाचले की एपिक्टेटसाची अक्कल आपोआप येईल, अशी त्याची समजूत होती! माझ्याकडेही पुस्तके बरीच झाली आहेत, म्हणून या माणसाला मी फार हसत नाही.

काका गेला त्याच वर्षी दिवाळी आली. आमच्याकडे घरात जितकी माणसे तितक्या पणत्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओसरीच्या कठड्यावर लागत. वाती आजी वळी. त्या वर्षी कोणी काही बोलले नाही. आजीने एकेक करीत पणत्या लावल्या, मी मनातल्या मनात मोजीत होतो. आठव्या पणतीपाशी तिचा हात थांबला. माणसे आता सातच होती. वात तेलात भिजवून तयार होती. तिने ती पणती उचलली आणि पदराआड धरून अंधारात गोठ्याकडे गेली. बराच वेळ झाला तरी आली नाही, म्हणून मी मागे गेलो. काकाच्या बैलांच्या गव्हाणीवर पणती जळत होती, आणि आजी बैलाच्या मानेवर डोके टेकून, आम्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, रडत होती. मी पावले न वाजवता परतलो.

यंदाही पणत्या आणल्या आहेत. नऊ. एक गोठ्यासाठी, बैल नाहीत, गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते.